झोप दादाची, नाव ह्यांचं

ह्यांना मिळणार काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी अक्कल गहाण ठेवून केलं असं कुणी म्हणायला नको. दहा रात्री, रात्रीला सहा तास, अशी साठ तासांची झोप ह्यांच्या नावावर लागायला हवी होती. ह्यांची स्वतःची झोप, बसल्या जागच्या डुलक्या धरूनसुद्धा, दहा रात्रींत भरत होती एकोणीस तास. तूट एक्केचाळीस तासांची! तेवढी भरून काढली की क्रेनची केबिन परत मिळणार. नाही भरली तर उरलेली नोकरी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजण्यात जाणार. आणि आमच्याच घरात, स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत, माझा सख्खा थोरला भाऊ रात्रीला नऊ-नऊ तास झोप नुसता उधळत होता! विहिरीच्या काठावर बसून तहानेने मरायचं म्हणजे काय, ते हेच!

माझा धंदाच तासांचा. एका पॅकिंगच्या कारखान्यात मी हजेरी सांभाळते. कोण किती वाजता आत आला, कोण किती मिनिटं उशिरा, कुणी मित्राचं कार्ड आपल्या हाताने पंच केलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावणारे चोवीस जण मी आजवर पकडलेत. माझ्यासमोरून जाताना वेळेवर आलेला माणूससुद्धा उगाच चार पावलं पळतो! तेव्हा तासांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, याची मला खात्री होती. मीच कुणाला फसवायला गेले तर काय होईल, हा विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

ह्यांची झोप गेली कशी, तेही सांगायला हवं. त्यात हसण्यासारखं काही नाही. हे बांधकामावर टॉवर क्रेन चालवायचे. बावीस वर्षं, जमिनीपासून चाळीस मीटर वर, एका काचेच्या खोक्यात. खाली एक इशारेवाला असायचा. त्याने हात वर केला की उचलायचं, तळवा दाखवला की थांबायचं. नऊ वर्षं दोघं नुसते हातांनी बोलले. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी दोर तुटला आणि वरचा माल त्या इशारेवाल्यावर पडला. चौकशी झाली. दोर जुना होता, क्रेनवाल्याची चूक नाही, असा निकाल लागला. हे कागदावर सुटले. त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नाही.

मी उपायांना लागले. गरम दूध झालं. दुधात जायफळ झालं. पाय कोमट पाण्यात बुडवून झाले. पाय लोण्यासारखे मऊ पडले, डोळे मात्र टक्क! मोबाइल रात्री पिठाच्या डब्यात ठेवून झाला. सकाळी डबा वाजायला लागला. शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं, तर हे अंधारात म्हणतात,

"अगं, शून्य आलं. आता?"

"आता उणे एक!"

"कुठपर्यंत जायचं?"

"झोप येईपर्यंत!"

उणे चारशेला मला झोप लागली. हे मोजतच राहिले.

कुणीतरी म्हणालं, शरीर दमवा. मग हे रात्री दोन वाजता फरशी पुसायला लागले. आमची फरशी इतकी गुळगुळीत झाली की मी दोनदा आपटले! खालच्या मजल्यावरचे मास्तर वर येऊन विचारून गेले, "तुम्ही रोज रात्री घर सोडता आणि सकाळी परत राहायला येता का हो?"

आणि या सगळ्यात भिंतीपलीकडून दादाचं घोरणं!

दादा शिंपी आहे. हात सोन्याचा, पण झोप त्याहून वजनदार. कुठेही, कधीही, कशावरही झोपेल. एकदा मशीनवर डुलकी लागली आणि गिऱ्हाइकाच्या पॅंटला स्वतःच्या शर्टाची बाही शिवून बसला. गिऱ्हाईक पॅंट न्यायला आलं तर दादाही बरोबर निघाला! घोरायचा असा, की कुणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत नेतंय. मधेच कपाट थांबायचं. आपल्याला वाटायचं, चला, पोचलं एकदाचं वर. तेवढ्यात धाडकन पुन्हा सुरू! वहिनी याच कारणाने तिच्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "एक तर मी, नाही तर तुमचं नाक!" दादाने उत्तर दिलं नाही. तो झोपला होता.

पण आमच्या घराण्यात दादाच्या झोपेचं कौतुक फार. "मन निर्मळ असलं की अशी झोप लागते," असं आई येईल त्याला सांगायची. मीही ह्यांच्यासमोर दोन-चारदा बोलून गेले. हे मान खाली घालायचे. तेव्हा मला वाटायचं, पेंग आली असेल.

तर कंपनीने नवा नियम काढला. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाने दहा रात्री घरी एक पट्टा बांधून झोपायचं. मनगटाला पट्टा, त्यातून निघणाऱ्या तारेचा चिमटा बोटाला. किती झोपला, श्वास कसा, नाडी कशी, सगळं रातोरात कंपनीच्या दवाखान्यात पोचतं. शिवाय रोज सकाळी घरच्या माणसाने एका कागदावर सही करायची, की पट्टा याच माणसाने बांधला होता. ती सही माझी! हजेरी लिहिणाऱ्या बाईच्या हाती हजेरीचा कागद!

त्या संध्याकाळी मी पट्टा टेबलावर ठेवला आणि दोघांना समोर बसवलं.

"दादा, तुझ्याकडे एक काम आहे. दहा रात्री. फक्त झोपायचं."

दादाचे डोळे भरून आले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला माझ्या लायकीचं काम दिलं!"

हे हळूच म्हणाले, "अगं, पण उद्या मी वर गेलो, आणि झोप ही अशीच..."

"वर झोपायचं थोडंच असतं!"

"तसं नाही. खाली माणसं असतात."

"तेव्हाचं तेव्हा बघू. आधी केबिन तर हाती येऊ दे! नटबोल्ट मोजणार का तुम्ही? बावीस वर्षांनी?"

ह्यांनी टेबलावरचा पट्टा जरा बाजूला सरकवला. मी त्यालाच होकार धरलं. ऑफिसात मी गैरहजर माणसाची इतकी सोयीची नोंद कधी केली नसती.

पहिल्या तीन रात्री म्हणजे सोहळा! दादा दहाला पट्टा बांधून असा आडवा व्हायचा, जणू परीक्षेला बसलाय. साडेदहाला कपाट जिन्यावर. सकाळी सातला उठून विचारायचा, "किती भरले?" मी मनातल्या मनात बेरीज करायची, कागदावर सही ठोकायची आणि ह्यांच्याकडे विजयी नजर टाकायची. हे रात्रभर जागून लाल झालेल्या डोळ्यांनी चहा प्यायचे. स्वतःच्या नावावर सव्वीस तास जमा, आणि माणूस डबक्यातल्या चंद्रासारखा फिका!

चौथ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टर.

"तुमचे मिस्टर रात्री पट्टा बांधूनच झोपतात ना?"

"म्हणजे काय! मी रोज सही करते!"

"झोप भरपूर आहे. आठ तास चाळीस मिनिटं."

"आहेच मुळी त्यांची झोप चांगली!"

"पण श्वास थांबतोय. तासाला चाळीस वेळा."

सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं! मला वाटलं होतं चोरी पकडली. तर इथे नुसता श्वास!

"अहो सिस्टर, ते मुळातच कमी बोलतात."

सिस्टर म्हणाल्या, "बाई, मी बोलण्याबद्दल विचारत नाहीये."

"मग पट्टा सैल असेल. आज घट्ट बांधते!"

बांधला. असा बांधला की सकाळी दादाचं बोट वांग्यासारखं झालं. कुशीवर झोपला की हात अंगाखाली जातो, पट्टा दबतो, म्हणून मीच दादाला दटावलं, "आज रात्रीपासून उताणा झोपायचं. हलायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेट ह्यांनाच गाठलं. हे त्या दिवसांत जमिनीवरच काम करत होते, साइटच्या फाटकाशी गाड्या नोंदवायचं.

"सकाळी डोकं दुखतं?"

"नाही."

"बसल्या बसल्या डुलकी लागते?"

"नाही हो डॉक्टर. तेवढी मात्र नाही."

"लाजू नका. तुमचे आकडे माझ्यासमोर आहेत. तुम्ही रात्रभर गुदमरताय आणि दिवसा कुठेही कोसळाल. आजपासून एकट्याने बसायचं नाही."

आणि कंपनीने ह्यांच्यामागे दोन माणसं लावली! अकरा महिने ज्याला झोप येत नव्हती, त्याला झोप येऊ नये म्हणून दोन धडधाकट गडी! ह्यांनी पापणी मिटली की एक जण खांद्यावर थाप मारायचा, दुसरा तोंडावर पाणी. संध्याकाळी हे घरी आले ते भिजलेल्या मांजरासारखे.

"बस झालं," हे म्हणाले. "सांगून टाकू."

"अहो, निम्म्या रात्री झाल्यात! सगळे तास वाया घालवायचे?"

"पण तो आकडा काय सांगतोय? चाळीस वेळा..."

"यंत्र आहे, चुकतं! माझ्या ऑफिसातलं पंच मशीन वर्षातून दोनदा सगळ्यांना मध्यरात्री कामावर आणतं. मी काय त्यांना ओव्हरटाइम देते?"

दादा तर दुखावलाच. "माझ्या झोपेत खोट काढतात? माझ्या? यंत्राला बिचाऱ्याला एवढ्या झोपेची सवय नसेल!"

आम्ही हसलो. तिघंही. तो आकडा आमच्यापैकीच एका माणसाचा आहे आणि तो माणूस समोर बसून दुसऱ्यांदा भात वाढून घेतोय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ह्यांच्या आलं असेल तर ते बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलतात.

त्या रात्री दादाला थोडी सर्दी होती. नाक चोंदलेलं. तरी उताणा झोपला, हलला नाही. मी सांगितलं होतं ना!

पहाटे साडेपाचला दाराची घंटा वाजली. हे फरशी पुसत होते. मी दार उघडलं. दारात सिस्टर, हातात टॅब, मागे स्ट्रेचर घेतलेले दोघं, जिन्यावरून धावत आल्यामुळे तिघंही धापा टाकत.

"पेशंट कुठाय?"

"मी," हे म्हणाले. हातात ओला पोछा.

सिस्टरनी ह्यांच्याकडे पाहिलं. टॅबकडे पाहिलं. पुन्हा ह्यांच्याकडे पाहिलं.

"तुमचा ऑक्सिजन एकाहत्तरवर आलाय."

"कधी?"

"आत्ता! आत्ता तुम्ही गाढ झोपेत आहात!"

"मी?" हे म्हणाले. अहो, त्यांच्या आवाजात काय आशा होती! अकरा महिने हे वाक्य ऐकायला माणूस तडफडत होता.

"पट्टा कुठाय?" सिस्टरनी ह्यांचा हात धरला.

मी पुढे झाले. "भिजू नये म्हणून काढून ठेवलाय. पुसत होते ना ते."

"मग हे आकडे कुणाचे?"

"पट्ट्याचेच! बिघडलाय तो. मी तेव्हाच म्हटलं होतं!"

"काढून ठेवलेला पट्टा झोपलेला कसा दाखवेल?"

"म्हणूनच तर म्हणते, बिघडलाय!"

माझं उत्तर इतकं चोख होतं की सिस्टरचा चेहराच सैल पडला. रात्रपाळी संपत आलेली, बाई उभ्या उभ्या पेंगत होत्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "असा आकडा असलेला माणूस फरशी कशी पुसेल? आतमध्ये कोण घोरतंय?"

"माझा भाऊ."

"नशीबवान आहे."

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "इथे सही करा. यंत्रात बिघाड. नवा पट्टा देते, नव्याने दहा रात्री. हे मागचं सगळं रद्द."

बघा, दैव कसं चालून येतं! चोरी नाही, चौकशी नाही, दोन माणसांचा पहारा नाही, आणि पुढच्या दहा रात्री हव्या तशा आखायला मोकळ्या! मी पेन घेतलं. टॅब टेबलावर, माझ्या कोपराजवळ. सिस्टर पाठ फिरवून डॉक्टरांना फोन लावत होत्या, "हो सर, मशीनच..."

आत कपाट जिन्यावर थांबलं.

माझी नजर टॅबवर गेली. अडुसष्ट. पासष्ट. आत शांतता. एकसष्ट. मग धाडकन घोरणं सुरू झालं आणि आकडा वर चढला, सत्तर, शहात्तर. पुन्हा थांबलं. पुन्हा उतरला. एक माणूस आत येतो आणि त्याच मिनिटाला कार्ड पंच होतं, तसं अगदी बरोबर. सतरा वर्षं मी हेच तर ओळखत आले! कुणाचं कार्ड, कुणाचा हात. पुन्हा शांतता. मी सवयीने सेकंद मोजायला लागले. दहा. वीस. बासष्ट, आकडा सांगत होता. तीस. अठ्ठावन्न. आणि माझा हात, तुम्हाला खरं तेच सांगते, माझा हात सही करत होता. नाव झालं होतं. आडनाव राहिलं होतं. डोक्यात एकच चाललं होतं, की एवढी सही होऊ दे, सिस्टर एवढ्या दारापर्यंत जाऊ दे, मग मी दादाला उठवते.

चाळीस सेकंद.

पोछा जमिनीवर आपटला. हे धावले. गुळगुळीत फरशीवरून घसरत, भिंतीला खांदा आपटत, दादाच्या खोलीत शिरले, आणि अकरा महिन्यांत ऐकला नव्हता असा त्यांचा आवाज आला, "दादा! दादा, श्वास घ्या! सिस्टर, इकडे या! पट्टा इथे आहे!"

आम्ही आत गेलो. दादा उताणा, मी सांगितलं तसा. ओठ निळे. ह्यांनी त्याला दोन्ही हातांनी कुशीवर ओढला होता. सिस्टरनी हनुवटी वर केली, पाठीत एक दणका घातला, आणि दादाने असा श्वास ओढला की विहिरीत बुडालेला माणूस वर यावा. एक, दोन, तीन. मग त्याने डोळे उघडले. भोवती पाच माणसं, एक स्ट्रेचर.

"काय झालं? सहा तास नाही भरले?"

सिस्टरनी त्याच्या मनगटावरचा पट्टा पाहिला. मग आमच्याकडे वळल्या.

"हे कोण?"

"माझा भाऊ."

"झोप कुणाची?"

"दादाची."

"आणि नाव?"

"माझं," हे स्वतःच म्हणाले.

ह्यांच्यासाठी आणलेल्या स्ट्रेचरवरून दादा गेला. मनगटाला ह्यांच्या नावाची चिठ्ठी. दवाखान्यात प्रत्येक जण त्याला ह्यांच्या नावाने हाक मारायचा आणि दादा मागे वळून ह्यांना सांगायचा, "जावईबापू, तुम्हाला बोलावतायत!"

डॉक्टर दादाला तपासून आले आणि मला समोर बसवलं. "घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, बाई. तुमच्या भावाचा गळा रात्रभर आतून बंद होतो. तो झोपत नव्हता, रात्रभर जिवासाठी झगडत होता. म्हणून तर दिवसा पेंगतो. आणखी थोडे महिने असंच चाललं असतं, तर एका सकाळी उठलाच नसता. आणि त्याला उताणा झोपायला कुणी सांगितलं?"

मी बाकाखाली चप्पल शोधली.

दादाला तोंडाला मुखवटा आणि मुखवट्याला हवा मारणारं यंत्र मिळालं. ते बघून तो रडवेला झाला. मरणातून वाचल्याचं त्याला काही नाही, दुःख वेगळंच! "अगं, आयुष्यात एकच गोष्ट मला धड जमत होती. लोक नावाजायचे. तीसुद्धा खोटी निघाली!"

डॉक्टर मग ह्यांच्याकडे वळले. "आणि खरी झोप नाही ती तुम्हाला. का येत नाही?"

मी पुढे सरसावले. "रात्रीला दोन तासांच्या आतच भरते हो डॉक्टर, कधी पावणेदोन..."

"किती ते नाही विचारलं. का?"

ह्यांनी आपला तळहात उघडून पाहिला. "डोळे मिटले की तो खाली उभा असतो. हात वर करतो. उचल म्हणतो. मी उचलत नाही. तो हात खालीच करत नाही."

एकाच पलंगावर, एक हात अंतरावर, अकरा महिने मी ह्यांचे तास लिहीत होते. त्या तासांत काय चालतं, तो रकानाच मी आखला नव्हता.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं त्यात दूधही नव्हतं आणि जायफळही नव्हतं. दर मंगळवारी एका बाईंकडे जायचं आणि त्या इशारेवाल्याबद्दल बोलायचं. रोज सकाळी सहाला उठायचं, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी आडवं व्हायचं नाही. डोळे जड झाल्याशिवाय पलंगावर जायचं नाही, आणि झोप आली नाही तर तिथे तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं.

कंपनीचं पत्र दोन ओळींचं आलं. ह्यांना पुन्हा केबिनमध्ये चढता येणार नाही. नोकरी राहिली तीसुद्धा सिस्टरमुळे. त्यांनी अहवालात लिहिलं होतं की खरं सांगत धावला तो हाच माणूस. माझ्याबद्दल लिहिलं होतं, "पत्नी सही करत होत्या." त्यात एक अक्षरही खोटं नाही, म्हणूनच ते अजून खुपतं. हे स्टोअरमध्ये गेले. नटबोल्ट. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाले, "खिडकी नाही." एवढंच. मी ऑफिसात गेले. त्याच आठवड्यात पंचविसावा गडी माझ्या डोळ्यांदेखत दोन कार्डं पंच करून गेला. मी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधत राहिले. टाचणी पडली नव्हती.

घर मात्र शांत झालं. इतकं, की खालच्या मास्तरांनी एकदा दार वाजवून विचारलं, "सगळे बरे आहात ना?" दादा मुखवटा लावून झोपतो, आवाज नाही. दुकानातही जागा असतो आणि गिऱ्हाइकांना तो ओळखायलाच येत नाही. ह्यांचे मंगळवार चालू राहिले. झोप दोनाची अडीच झाली, अडीचाची तीन. मध्येच पुन्हा दीड. मी विचारत नव्हते. दिवा बंद केला की मी आता फक्त ऐकते.

सातव्या आठवड्यात एका रात्री हे साडेअकराला आत आले आणि पावणेबाराला झोपले. खरोखर झोपले! मी अंधारात पडून राहिले. बारा. एक. हे जागे झाले नाहीत. दोन. कूसही बदलली नाही. तीन वाजून गेले आणि मला वाटलं, हे फारच शांत आहे. एवढं शांत बरं नाही. मी मोजायला लागले. दहा. वीस. नाकाखाली बोट धरलं. बोट गार पडलेलं, काही कळेना. तीस. माझ्या छातीत धडधड, त्यांच्या छातीचा पत्ता नाही! मी दोन्ही हातांनी त्यांना गदागदा हलवलं.

"अहो! अहो! श्वास घेताय ना?"

हे धडपडून उठून बसले. "काय? काय झालं? दादाला काही...?"

"नाही, नाही. तुमचं बघत होते. चालू आहे का."

हे अंधारात माझ्याकडे बघत राहिले. मग घड्याळाकडे.

"लागली होती गं," हे म्हणाले. रागाने नाही. एखादी वस्तू हरवल्याचं सांगावं तसं. "वर्षाने. पहिल्यांदा. आणि तो आलाच नव्हता."

ते वीस मिनिटं पडून राहिले, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उठले, बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. उजाडेपर्यंत बसले.

तर त्या रात्रीचा हिशोब असा: दादा, सात तास. हे, तीन तास पंचवीस मिनिटं, तिथून पुढे शून्य. मी? ह्यांचा श्वास चालू आहे हे एकदा कळलं, जीव भांड्यात पडला, आणि सकाळपर्यंत मी अशी गाढ झोपले म्हणून सांगू!